टीव्हीतल्या अक्षता

मुलुंड (पूर्व)
रविवार दुपार, फेब्रुवारी १९८८

प्रिय मालन,

काल सकाळी स्टेशनजवळचा एक एजंट तुझ्या चंद्रप्रकाशचा निरोप घेऊन माझ्या दारात उभा राहिला. तुझ्या खोलीची चावी हवी होती त्याला. "मॅडम, पार्टी खाली उभी आहे. पाच मिनिटं बघेल आणि जाईल." मी म्हटलं, पार्टीचे पाय दुखत असतील तर वाण्याच्या पायरीवर बसायला सांगा, चावी मिळणार नाही. "अहो, पण मुलानेच सांगितलंय." मी म्हटलं, मला चावी मुलाने दिली नव्हती, आईने दिली होती, आई सांगेल तेव्हा बघू. जिना उतरताना तो काहीतरी पुटपुटला. माझी सगळी नोकरी साहेबलोकांचं पुटपुटणं शॉर्टहँडमध्ये उतरवून घेण्यात गेली, त्यामुळे मला ते अगदी नीट ऐकू आलं. लिहिण्यासारखं नव्हतं.

तर तू खोली विकायला काढली आहेस. माझ्या दारासमोरचं दार विकलं जाणार, ही बातमी मला सफारी घातलेल्या एका परक्या माणसाकडून कळली. त्याबद्दल आत्ताच काही लिहीत नाही. विक्रोळीला आमचे वर्क्स मॅनेजर म्हणायचे, मिस नीला, चिडून लिहिलेलं पत्र आज टाइप करा आणि उद्या फाडा. मला आज टाइप करायचं नाही आणि उद्या फाडायचंही नाही. म्हणून चावीचा विषय बाजूला ठेवते आणि टीव्हीबद्दल लिहिते. तेवढ्या एका विषयावर आपण दोघी कितीही भांडलो तरी चहा कधी थांबला नाही.

संक्रांतीला तुझं कार्ड आलं होतं. त्याला मी उत्तर दिलं नाही, कारण उत्तर देण्यासारखं त्यात काही नव्हतंच. "मी बरी आहे. इथे कलर आहे. सुगंधा बघू देते. तिळगूळ घे." एवढंच. त्यातलं तिसरं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. बघू देते म्हणजे काय गं? टीव्ही काय फ्रीजमधलं दूध आहे, सुनेने काढून द्यायला? सुगंधा वाईट मुलगी नाही, हे मला मान्य आहे. दिवसभर मरोळच्या त्या कारखान्यात उभं राहून काम करते, घरी आल्यावर तिलाही चार घटका शांत बसावंसं वाटत असेल. पण तू कलर टीव्ही बघतेस आणि त्यावर काय बघितलंस याबद्दल एक अक्षर लिहीत नाहीस, याचा अर्थ मला कळतो. कुठल्याही कार्यक्रमाबद्दल तू इतकी गप्प कधीच नव्हतीस. बातम्यांतसुद्धा पुराच्या बाया दाखवल्या तर त्यांच्या भांड्यांवर बोलायचीस.

इथली बातमी म्हणजे त्या शिवणकामवाल्या विधवेची मालिका अजून चालूच आहे. तेरा भागांत संपणार होती. लोकांनी पत्रं पाठवली म्हणे, म्हणून वाढवली. मी पण पाठवणार होते, कमी करा म्हणून. आता तिच्या मुलीचं लग्न ठरतंय आणि विहीण डोळे वटारून जिना चढते. मालन, आपल्या ओळखीत एक तरी विहीण डोळे वटारून जिना चढली आहे का? आपल्याकडच्या विहिणी हसत हसत चढतात, म्हणून तर भीती. ती बाई अजून त्याच मशीनवर बसते. तुला आठवतं, पहिल्याच भागात तू म्हणाली होतीस, हिच्या मशीनीत दोरा नाहीये. मी म्हटलं, मग कशाला रडतेस? तर पदराने नाक पुसत म्हणालीस, "दोरो नाय, पण दुःख खरा आसा ना." त्यावर मी तुला बरंच ऐकवलं होतं. परवाच्या भागात तिच्या मशीनमध्ये दोरा होता, लाल रंगाचा. कोणीतरी दिग्दर्शकाला सांगितलेलं दिसतंय. आणि गंमत बघ, दोरा असून मला त्यात काही राम वाटला नाही.

दुसरी ती गुप्तहेराची. मुंबईच्या उकाड्यात कोट घालून हिंडणारा माणूस गुन्हेगार काय शोधणार, आधी त्याला घामोळ्यांचं बघायला हवं. खुनी कोण हे मी पहिल्या दहा मिनिटांत सांगते, कारण ज्याला बिनकामाचा चहा पाजतात तोच खुनी असतो. शाळकरी मुलांची प्रश्नमंजूषा मात्र बरी असते. उत्तरं मला येतात, पण ती कोणाला ऐकवायची हा प्रश्न आहे. पूर्वी मी उत्तर सांगितलं की तू स्वतःच दिल्यासारखी खोलीभर बघायचीस. रात्रीच्या बातम्या झाल्या की दिल्ली सुरू होते आणि आपल्याकडचं मराठी नाटक ऐन रंगात आलेलं असताना बाजूला होऊन दिल्लीला वाट करून देतं. एखाद्याने आपल्याच ओटीवरून उठून पाहुण्याला जागा द्यावी तसं. इंग्रजी बातम्या देणारी नवी मुलगी दिसायला चांगली आहे, पण 'डेव्हलपमेंट' हा शब्द ती गरम बटाटा तोंडात असल्यासारखा म्हणते. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर अगाथांनी तिला तासभर भिंतीकडे तोंड करून उभं केलं असतं. आणि जाहिराती. कार्यक्रमाच्या आधी साबण, मध्ये साबण, शेवटी साबण. एवढा साबण लावूनही कार्यक्रम काही स्वच्छ होत नाहीत.

मी म्हातारी झाले म्हणून जुनं ते चांगलं म्हणते, असं समजू नकोस. जुनंही काही फार थोर नव्हतं. मी टीव्ही घेतला तेव्हा बिल्डिंगमध्ये तो एकटाच होता, म्हणून त्याचा मान. नाहीतर दाखवत काय होते? कपाशीवरची अळी. ज्यांच्याकडे तुळशीच्या कुंडीपलीकडे माती नाही अशी वीस-पंचवीस माणसं माझ्या जमिनीवर मांडी घालून कपाशीवरची अळी बघायची. मग बायकांच्या कार्यक्रमात ती बाई आइस्क्रीमच्या काड्यांचा बंगला करून दाखवायची. तुम्ही सगळ्यांनी काड्या जमवल्या, आणि बंगला एकीचाही उभा राहिला नाही. रविवारी संध्याकाळचा सिनेमा सुरू झाला की दारात चपलांचा ढीग, आणि सिनेमा संपल्यावर त्या ढिगातून आपली जोडी काढण्याचा दुसरा सिनेमा. मध्येच चित्र जायचं आणि 'व्यत्यय' अशी पाटी यायची. ती पाटी सगळे मन लावून बघायचे, उठायचं कोणी नाही. तुझे दशरथभावोजी तर निवेदिका येणार म्हटलं की शर्टाची बटणं लावायचे. मिलमधून येऊन अंघोळ करून बनियनवर बसलेला माणूस, पण टीव्हीसमोर बनियनवर कधी बसले नाहीत. "बाईमाणूस समोर आहे," म्हणायचे. आणि त्या बाईने पडद्यावरून 'नमस्कार' म्हटलं की तू हात जोडून 'नमस्कार' म्हणायचीस. मी हसले, तर म्हणालीस, आपल्या घरात येऊन कोणी नमस्कार केला तर काय तोंड फिरवायचं? घर माझं होतं गं, पण 'आपल्या' तू म्हणालीस. त्या वेळी मला ते जरा खटकलं होतं.

खरं सांगायचं तर आपल्या दोघींचं जमलं ते टीव्हीमुळे नाही, तर टीव्हीतलं अर्धं तुला कळायचं नाही आणि अर्धं मला कळायचं नाही म्हणून. इंग्रजी बातम्या आणि दिल्लीचं जड हिंदी मी तुला सांगायचे. आणि देवादिकांचं काही लागलं की माझी शाळा तू घ्यायचीस. मी पाच वर्षांची असताना आई गेली आणि बाबांनी भायखळ्याच्या कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगात ठेवलं. तिथे टेबलावर कोपर टेकायचं नाही हे शिकवलं, क्रोशाचं विणकाम शिकवलं, जगातल्या नद्या शिकवल्या. पण कुठला देव कोणाचा मुलगा आणि कोणाला कोणाचा शाप, हे सांगायला कोणी नव्हतं. ऑफिसात कोणी बोलता बोलता एखाद्या कथेचा उल्लेख केला की मी समजल्यासारखं हसायचे. रविवार सकाळची पौराणिक मालिका सुरू झाली तेव्हा पहिल्याच दिवशी तू ओळखलंस. अख्ख्या खोलीत मी एकटीच चुकीच्या माणसाला वाईट समजून बसले होते. तेव्हापासून तुझा पाट माझ्या खुर्चीला लागून असायचा. मुकुटवाला माणूस आला की मी हळूच विचारायचे, हा कोण? तू पडद्यावरची नजर न हलवता सांगायचीस, "तिचो दीर. धाकटो. पुढे मरतलो." पुढे मरणार हे आधीच सांगायचीस, त्याचा मला राग यायचा. टोपलीत घालून नदीत सोडलेल्या बाळावरून तर आपली चांगलीच जुंपली होती. मी म्हटलं, ही गोष्ट मला माहीत आहे, ही सिस्टरनी बायबलातून सांगितलेली आहे. तू कमरेवर हात ठेवून उभीच राहिलीस. "म्हणजे तुझ्या सिस्टरनी आमचा बाळ पळवल्यान!" सगळी खोली हसली, बाळाचं पुढे काय झालं ते कोणीच ऐकलं नाही.

आता त्या दिवसाचं. ते मला लिहायलाच हवं, कारण तुझ्याकडे त्याची जी हकीकत आहे ती बहुतेक चंद्रप्रकाशची असणार, आणि तो दारात उभा होता, त्याला मागचं काही दिसलं नसेल. दिवाळी झाली होती, आणि मालिकेत देवाचं लग्न होतं. तू पहाटेपासून तयारीत. ठेवणीतलं जरीकाठी लुगडं. दारात उभी राहून आत येणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर तू कुंकू लावलेल्या अक्षता ठेवत होतीस. माझ्याही ठेवल्यास. मग तांब्याचा कलश आणलास, पाण्याने भरलेला, वर आंब्याची पानं आणि नारळ, आणि तो टीव्हीवर ठेवायला निघालीस. मी म्हटलं, मालन, ते यंत्र आहे, देव्हारा नाही. तू म्हणालीस, "गप बस गो, आज लगीन आसा." टीव्हीवर मी विणलेलं क्रोशाचं झाकण होतं, तेही काढून माझ्या हातात दिलंस. "देवाच्या डोक्यावर टोपडा कित्याक?" पुढचं सगळं त्या टोपड्यावर अवलंबून होतं हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आलं नाही.

पडद्यावर अंतरपाट धरला आणि इकडे सगळे उठून उभे राहिले. तळमजल्यावरच्या काशीरामने मंगलाष्टकं सुरू केली, टीव्हीतल्या भटजींपेक्षा वरच्या पट्टीत. एक कडवं त्यांचं, एक आपलं, असं चाललं होतं. 'सावधान' म्हटलं की अक्षता उडायच्या. शेवटच्या सावधानला सगळे एकदम पुढे सरकले, कोणाचं कोपर कोणाला लागलं हे देवालाच माहीत, आणि कलश आडवा झाला. नारळ गडगडत माझ्या पायाशी आला. पाणी मागच्या जाळीतून आत गेलं. 'फट्' असा आवाज झाला, जळका वास सुटला, आणि माळ हातात घेतलेले देव आक्रसत आक्रसत मधोमध एका पांढऱ्या ठिपक्यात गेले. मग ठिपकाही गेला. मी तुला नंतर म्हटलं नाही, पण ते दृश्य मालिकेतल्या कुठल्याही दृश्यापेक्षा चांगलं जमलं होतं.

पहिली बोलली ती आपल्या मजल्यावरची जयंती. "झालं! लावली वाट. देवाचं लग्न लावायचं की देव बुडवायचा? लोकाच्या घरात येऊन यांचे सोहळे. चाळ सोडून इतकी वर्षं झाली, पण चाळ काही सुटत नाही." तू ऐकलंस. खाली बसलीस आणि लुगड्याच्या पदराने फरशीवरचं पाणी टिपायला लागलीस. चंद्रप्रकाश दारात उभा होता. रविवार म्हणून तुला भेटायला आला होता, हातात मिठाईचा पुडा. त्याचा चेहरा मी बघितला. तेवढ्यात कोणीतरी ओरडलं की शेजारच्या बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर कलर आहे, आणि मिनिटाभरात खोली रिकामी. जयंती सगळ्यात पुढे, चपला हातात घेऊन. दुसऱ्या दिवशी चंद्रप्रकाश रिक्षा घेऊन आला. तू चावी माझ्या हातावर ठेवलीस. "आठ दिवस जाऊन येतंय," म्हणालीस. मी वर बघितलंसुद्धा नाही, कारण मला वाटलं आठ दिवस म्हणजे आठ दिवस.

जयंतीचं म्हणशील तर तिला मी सोडलं नाही. पाण्याच्या टाकीपाशी गाठली आणि विचारलं, जयंतीबाई, तुमच्या लग्नात कोणी पाणी सांडलं नव्हतं का? ती म्हणाली, "मी आपलं बोलून गेले हो नीलाताई, मनात काही नव्हतं." मी म्हटलं, मनात नसतं तर इतकं सुरळीत बाहेर आलं नसतं. महिनाभर ती माझ्याशी बोलत नव्हती, तो महिना छान गेला. मग तिनेही कलर घेतला. घेतला आणि दाराला आतून कडी लावायला लागली. आता बिल्डिंगमध्ये जवळजवळ सगळ्यांकडे टीव्ही आहे. रविवारी सकाळी मी जिन्यावर उभी राहते, तर प्रत्येक बंद दारातून एकच शंख ऐकू येतो, एकाच वेळी. चपला आपापल्या आत. एकही ढीग नाही. परवा ती जयंतीच मला म्हणाली, "मालनताई कधी येणार हो? आमच्याकडे कोणाला काही माहीत नाही. सगळे एकमेकांना विचारत बसतो, हा कोणाचा मामा." मी म्हटलं, मला काय माहीत, मी चाळीत वाढलेली नाही.

टीव्ही मी दुरुस्त करून घेतला. नवा घ्या, असं सगळ्यांनी सांगितलं, मी घेतला नाही. मेकॅनिक आला, त्याने मागचं झाकण उघडलं आणि माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं आत उंदीर मेलाय. म्हणाला, "मॅडम, सेटचं लग्न लावलंत काय?" आत सगळीकडे अक्षता. तारांना चिकटलेल्या, काचेच्या मागे अडकलेल्या, तळाला साचलेल्या. ब्रशने एकेक काढून त्याने कागदावर ठेवल्या. कचऱ्यात टाकू का म्हणून विचारलं. मी नको म्हटलं. त्याने हत्यारांची पिशवी तुझ्या पाटावर ठेवली होती, तीही मी उचलायला लावली. आता चित्र येतं, जरा डावीकडे झुकलेलं. माणसं किंचित वाऱ्यात उभी असल्यासारखी दिसतात. मला सवय झाली आहे.

तुझ्या खोलीतल्या तुळशीला मी पाणी घालते. कुंडी आता खिडकीत उन्हाकडे सरकवली आहे. आठवड्यातून एकदा नळ सोडून ठेवते, नाहीतर गंज धरतो. दशरथभावोजींच्या फोटोवरची धूळ पुसते. शर्टाची सगळी बटणं लावून बसले आहेत. त्यांनी मिलच्या पैशांतून घेतलेली खोली तू कोणाला द्यावीस, हे सांगणारी मी कोण? चंद्रप्रकाशचंही खरं आहे. ज्याच्या आईला कोणी चारचौघांत बोललं, तो मुलगा तिला तिथे परत कसा धाडेल? मी त्याच्या जागी असते तर मीही रिक्षा घेऊन आले असते. पण तो बघून गेला ते त्या सकाळचं अर्धंच आहे, आणि उरलेलं अर्धं बहुधा तूही त्याला सांगितलं नाहीस.

सगळे शेजारच्या बिल्डिंगमध्ये पळाले. चंद्रप्रकाश खाली जाऊन सिगारेट ओढत बसला. खोलीत तू, मी आणि नारळ. तू फरशी पुसत होतीस आणि मान वर करत नव्हतीस. असल्या वेळी काय बोलायचं हे कॉन्व्हेंटमध्ये शिकवत नाहीत. तिथे रडणाऱ्या मुलीला रुमाल देतात आणि दाराबाहेर उभं करतात. म्हणून माझ्या डोक्यात जे होतं तेच मी विचारलं. म्हटलं, मालन, पुढे काय होतं? लग्न लागतं ना? पदर पिळलास. म्हणालीस, "लागता तर. न लागून सांगता कोणाक?" आणि मग सांगायला लागलीस. माळ कोणी आधी घातली, कोण रुसलं, कोणत्या पंगतीत कोण बसलं, नवरीची आई कुठे जाऊन रडली. फरशी पुसता पुसता सुरुवात झाली, मग तू पाटावर बसलीस, मग मी नारळ फोडला, आणि आपण दोघींनी खोबरं खात अख्खं लग्न लावलं. मध्ये साबण नव्हता, दिल्ली नव्हती. नंतर मी जयंतीकडून त्या भागाची हकीकत ऐकली. तुझ्या लग्नात जेवढी माणसं होती तेवढी त्यांच्याकडे नव्हतीच. टीव्हीवर मी जे जे काही बघितलं, जुनं किंवा नवं, त्यात सगळ्यात चांगला भाग तो. टीव्ही बंद होता, एवढंच.

आता हे पत्र कशासाठी, ते. पाकिटात तळाशी कागदाची पुडी आहे, सांभाळून उघड. त्यात तुझ्याच अक्षता आहेत, मेकॅनिकने काढलेल्या. कुंकू फिकं झालंय, काही दाणे करपलेत. लग्नाचं बोलावणं नुसत्या कागदाने होत नाही, अक्षता द्याव्या लागतात, हे मला तू शिकवलंस. माझ्या घरात एवढं एकच लग्न लागायचं होतं आणि त्याचं बोलावणं करायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती, म्हणून हे उशिरा. येत्या रविवारी सकाळी ये. खोली विकायची असेल तर माझ्या हातातून चावी घे आणि त्या एजंटला दे, मी अडवणार नाही, पार्टीला वर बोलावून चहासुद्धा देईन. विकायची नसेल, तरी चावी माझ्याकडेच आहे, तेव्हा यावं तर लागेलच. आजच्या भागात एक म्हातारा राजा पहिल्यापासून शेवटपर्यंत रडत होता. मी सवयीने पाटाकडे वळून विचारलं, हा कोण? का रडतोय? हे मी दर रविवारी करते. पाट काही सांगत नाही. येताना तो तांब्याचा कलश घेऊन ये. टीव्हीवर टोपडं राहील. कलश आपण खाली ठेवू, तुझ्या पाटाशेजारी.

तुझीच,
समोरच्या दारातली
नीला